श्रीक्षेत्र श्रीशैलम् : दरीकाठचे दोन मुक्काम



हैदराबादेतील मराठी कुटुंबांस श्रीशैलम् नवे नाही. कित्येक घरांत लग्नानंतरची पहिली यात्रा मल्लिकार्जुनाची असते, आणि ज्योतिर्लिंग व शक्तिपीठ अशी दोन्ही स्थाने एकाच प्राकारात असल्यामुळे वडीलधाऱ्यांचा ओढाही तिकडेच असतो. शहरापासून अंतर सुमारे २१५ किलोमीटर. म्हणूनच बहुतेक मंडळी पहाटे निघून रात्री परत येण्याचा बेत करतात. दर्शन घडते, प्रसाद मिळतो. परंतु ज्या दरीच्या काठावर हे क्षेत्र वसले आहे, ती दरी न पाहताच आपण परततो. या लेखात त्या दरीची आणि तिच्या आसपासच्या एकेका दिवसाच्या सहलींची माहिती देत आहोत.

याचे निमित्त सांगणे आवश्यक आहे, कारण त्यात चूक आमचीच होती. काही वर्षांपूर्वी आमच्या मंदिरातर्फे श्रीशैलम्‌ची एक यात्रा निघाली. कचेऱ्या सुटल्यावर निघू, रात्री अकरापर्यंत पोहोचू, असा हिशेब आम्ही बांधला होता. मन्ननूरच्या वनचौकीवर बस आली तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि फाटक बंद झाले होते. ते सकाळी सहाला उघडते, ही गोष्ट आमच्यापैकी दोघांस ठाऊक होती; पण ती कोणी हिशेबात धरली नव्हती. चाळीस माणसांनी ती रात्र बसमध्ये काढली. दुसऱ्या दिवशी दर्शनाची रांग लांबली आणि संध्याकाळी फाटक पुन्हा बंद होईल या धास्तीने सर्वांना घाईघाईने बसमध्ये चढवावे लागले. त्या मंडळींत वाई माहेर असलेल्या एक आजी होत्या. धरणाखालच्या पुलावरून बस जात असता त्यांनी खिडकीतून खाली पाहिले. उन्हाळ्याचे दिवस, खडकांच्या मध्ये पाण्याची एक बारीक रेघ दिसत होती. "ही आमची कृष्णा?" एवढेच त्या म्हणाल्या. घाटावर जाऊन पाण्याला हात लावावा, ही त्यांची या यात्रेतील एकमेव इच्छा होती, हे आम्हांस नंतर कळले.

त्यानंतर आम्ही एक नियम केला. श्रीशैलम्‌ला जायचे तर दोन मुक्काम करायचे, नाहीतर जायचे नाही.

हा डोंगर कसा आहे

आपल्याला सह्याद्रीची सवय असते. काळा कातळ, एकावर एक बसलेले थर, पावसाळ्यात हिरवेगार कडे. श्रीशैलम् ज्या नल्लमला पर्वतात आहे त्याचे नावही 'काळा डोंगर' असेच आहे, परंतु तो काळेपणा अरण्याचा आहे. दगड फिकट, तांबूस-करडा आहे. सह्याद्रीचा कातळ ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निर्माण झाला. नल्लमलेचा क्वार्ट्झाइट हा खडक एक अब्ज वर्षांहूनही जुना असून तो प्राचीन समुद्राच्या काठाकाठाने साचलेल्या वाळूपासून बनलेला आहे. वाळू घट्ट होत होत गारगोटीइतकी कठीण झाली. या खडकाचे थर बहुतेक ठिकाणी आडवे आहेत आणि त्यांना उभ्या भेगा आहेत. भेगांत पाणी शिरले की चौकोनी चिरे सुटून पडतात आणि मागे भिंतीसारखा उभा कडा राहतो. भूशास्त्रज्ञ या थरांना श्रीशैलम्‌चेच नाव देतात.

अशा खडकातून कृष्णेने आपली वाट कोरली आहे. संगमेश्वरम्‌च्या खाली ती या डोंगरांत शिरते आणि नागार्जुनसागरपर्यंत वळणे घेत खोल घळीतून वाहते. क्षेत्र काठावरील पठारावर आहे, नदी खूप खाली आहे. म्हणूनच तिला येथे पाताळगंगा म्हणतात. नावात अलंकार नाही. वरून पाहणाऱ्यास जे दिसते तेच लोकांनी सांगितले आहे. आज या नदीच्या एका तीरावर तेलंगणा आणि दुसऱ्या तीरावर आंध्र प्रदेश आहे. श्रीशैलम् आंध्रच्या बाजूला असून २०२२ पासून ते नंद्याल जिल्ह्यात मोडते.

एक गंमत येथेच सांगतो. या रस्त्यावरील गावांची नावे सुन्नीपेंटा, दोमलपेंटा, ईगलपेंटा अशी आहेत. पेंटा म्हणजे चेंचू या आदिवासी जमातीची वस्ती. तेलुगूत दोमा म्हणजे डास आणि ईगा म्हणजे माशी. दोन्ही गावांची नावे कशावरून पडली असतील हे मुक्कामी राहणाऱ्याने समजून घ्यावे, आणि डासांचे औषध बरोबर न्यावे.

मुक्काम कोठे करावा

क्षेत्रात देवस्थानाच्या खोल्या व कुटीरे आहेत, निरनिराळ्या समाजांच्या धर्मशाळा आहेत, पर्यटन विभागाचे निवास आहे. देवस्थानाची नोंदणी आगाऊ करता येते. महाशिवरात्र, उगादी, कार्तिक सोमवार आणि लागून येणाऱ्या सुट्ट्या यांत आयत्या वेळी जागा मिळेल या भरवशावर जाऊ नये. गर्दीपासून दूर राहू इच्छिणाऱ्यांसाठी दोर्नाल–आत्मकूर रस्त्यावर बैरलूटी येथे वनविभागाची निसर्ग-निवासे आहेत. अरण्यातील कुटीर, आणि वाट दाखवावयास स्थानिक चेंचू तरुण. परंतु तेथून श्रीशैलम् बरेच दूर आहे. प्रथम जाणाऱ्याने क्षेत्रातच राहावे.

खोली साधी असली तरी चालेल. सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा या वेळा बाहेर काढायच्या आणि मधली दुपार विश्रांतीस ठेवायची, एवढे पथ्य पाळले की ज्येष्ठांनाही हा परिसर झेपतो.

क्षेत्राजवळची एक सकाळ

पहिल्या दिवशी दूर जाऊ नये. दोर्नालच्या रस्त्याने सुमारे आठ किलोमीटरवर शिखरम् आहे. परिसरातील हा सर्वात उंच भाग, समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० फूट. येथे शिखरेश्वराचे मंदिर आहे आणि समोरच्या नंदीच्या शिंगांमधून दूरवर श्रीशैलम्‌चे शिखर दिसले तर पुनर्जन्म नाही, अशी श्रद्धा आहे. शिखर दिसो वा न दिसो, अरण्याच्या अफाट विस्तारात ते देवालय किती लहानसे आहे हे येथूनच उमगते. सकाळी धुके असेल तर थोडे थांबावे. आम्ही एकदा घाई करून परतलो आणि वाटेत धुके विरलेले पाहून हळहळलो.

परतताना हाटकेश्वरम् आणि त्याच्याजवळच फालधारा-पंचधारा. रस्त्यावरून पायऱ्या उतरून खाली झाडीत गेले की खडकाच्या भेगांतून पाण्याच्या धारा वाहताना दिसतात. आडव्या थरांच्या खडकात मुरलेले पाणी जेथे वाट मिळेल तेथे असे बाहेर पडते. आद्य शंकराचार्यांनी येथे तप केले, अशी परंपरा आहे; 'शिवानंदलहरी'त श्रीशैलम्‌च्या मल्लिकार्जुनाचे स्तवन आहे हे पुष्कळांस ठाऊक असेल. पायऱ्या ओल्या असतात. गुडघेदुखी असलेल्यांनी वरच बसावे. शेवटी साक्षी गणपती. आपण श्रीशैलम्‌ला येऊन गेलो याची नोंद तो ठेवतो, असे मानतात. हे सर्व पाहून साडेदहापर्यंत खोलीवर परत येता येते.

संध्याकाळी मंदिराचा प्राकार बाहेरून फिरून पाहावा. भिंतीच्या दगडांवर शिकारीचे, हत्तींचे, योग्यांचे, शिवकथांचे असंख्य शिल्पपट आहेत आणि दर्शनाच्या घाईत कोणीच त्यांच्याकडे पाहत नाही. उत्तरेकडील गोपुर शिवाजी महाराजांच्या नावाने ओळखले जाते. १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेवर जाताना महाराज भागानगरला, म्हणजे आपल्याच शहरात, कुतुबशहाच्या भेटीस आले होते. तेथून सैन्य पुढे पाठवून ते मोजक्या लोकांनिशी श्रीशैलम्‌ला गेले आणि सुमारे दहा दिवस राहिले. तेथील वातावरणाने त्यांच्या मनात वैराग्य दाटून आले व देवीस शिरकमल अर्पण करण्याचा विचार त्यांनी केला, असे सभासदाच्या बखरीत आहे. मोहिमेवर निघालेल्या राजाला दहा दिवस थांबावेसे वाटले, आणि आपण सहा तासांत परततो.

पाताळगंगा आणि नावेचा प्रवास

दुसरा दिवस नदीचा. क्षेत्रापासून घाटावर उतरण्यास शेकडो पायऱ्या आहेत. विजयनगरच्या दुसऱ्या हरिहराची राणी विठलांबा हिने चौदाव्या शतकाच्या अखेरीस येथे पायऱ्या बांधविल्याची नोंद आहे. आता रोपवेही आहे आणि ज्येष्ठांनी त्याचाच उपयोग करावा. एक गोष्ट लक्षात घ्यावी : घाटावर जे पाणी दिसते ते धरणाच्या जलाशयाचे आहे. श्रीशैलम् धरण १९८१ साली पूर्ण झाले, त्याची पूर्ण पातळी ८८५ फूट आहे आणि पातळीप्रमाणे घाटही वरखाली होतो. पावसाळ्यानंतर पाणी वर येते, उन्हाळ्यात खालच्या चिखलट पायऱ्या उघड्या पडतात. तळ एकदम खोल जातो. कठड्याच्या किंवा साखळीच्या आत राहूनच स्नान करावे. पोहता येणाऱ्यांनीही पुढे जाण्याचे धाडस करू नये.

वर उल्लेखिलेल्या आजी पुढील वर्षी पुन्हा आमच्याबरोबर आल्या. या वेळी त्यांना रोपवेने खाली नेले. महाबळेश्वराहून निघालेली कृष्णा वाई, सांगली, नरसोबाची वाडी करीत कर्नाटकात जाते. आलमट्टी, नारायणपूर, जुराळा ही धरणे ओलांडते. वाटेत रायचूरजवळ तिला भीमाशंकरची भीमा मिळते, पुढे तुंगभद्रा मिळते आणि मग ती येथे येते. आजींनी पाण्यात हात घालून बराच वेळ तसाच ठेवला. घरून आणलेली तांब्याची लहान लोटी भरून घेतली आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "वाईला ही इतकी गप्प नसते." त्यावर काय बोलावे हे आम्हांस सुचले नाही.

पाताळगंगेहून नावेने सुमारे १८ किलोमीटर वरच्या अंगाला गेले की अक्कमहादेवीची गुहा लागते. दरी खऱ्या अर्थाने पाहावयाची तर हा प्रवास करावा. दोन्ही बाजूंना उभे कडे, कड्यांच्या माथ्यावर अरण्य, मध्ये हिरवट शांत पाणी, आणि दर वळणावर आता पुढे वाटच नाही असा भास. गुहेच्या तोंडाशी खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. मुळाशी आधार नसलेला तो लांब दगडी पाट इतकी वर्षे कसा टिकला याचे उत्तर पुन्हा त्या आडव्या थरांत आहे : खालचे चिरे सुटून गेले आणि वरचा अखंड थर तेवढा राहिला. आतली वाट शेवटी इतकी अरुंद होते की वाकून, कडेकडेने जावे लागते. श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी आत शिरू नये. बाराव्या शतकातील ही कन्नड संतकवयित्री घरदार सोडून 'चेन्नमल्लिकार्जुना'च्या शोधात येथे आली. त्याच शतकात सोलापूरचे सिद्धरामेश्वर बालपणी आपल्या मल्लय्याला शोधत श्रीशैलम्‌ला आले होते, अशी कथा आहे. मराठी मुलुखातून या डोंगराकडे येणारी वाट तेव्हापासूनची आहे. आजही उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, उत्तर कर्नाटकातून आणि सीमाभागातून हजारो लोक अरण्यातून पायी येतात. भ्रमरांबेला आपली लेक मानून तिच्यासाठी चोळी-लुगडे आणतात.

दत्तसंप्रदायी भाविकांसाठी कर्दळीवनाचा उल्लेख करणे भागच आहे. गाणगापूरचे श्रीनृसिंहसरस्वती पाताळगंगेत पुष्पासनावर बसून पैलतीरी गेले व कर्दळीवनात गुप्त झाले, हे गुरुचरित्राच्या वाचकांस सांगावयास नको. ती तिथी गुरुप्रतिपदा म्हणून पाळली जाते. अलीकडे महाराष्ट्रातून अनेक गट तेथे जातात : नावेने पैलतीर गाठायचा आणि मग अरण्यातून चढ चढायचा. आमचे मत स्पष्ट सांगतो. ही सहल नव्हे. वाटेत वस्ती नाही, दुकान नाही, उन्हाळ्यात पाणी नाही आणि हा सर्व भाग वाघांचा आहे. वनविभागाची परवानगी, अनुभवी वाटाड्या आणि चालण्याचा सराव या तिन्हींपैकी एकही गोष्ट नसेल तर पाताळगंगेवरूनच नमस्कार करावा.

नावा सुटतात की नाही हे पाण्याची पातळी, वारा आणि वनविभागाची परवानगी यांवर अवलंबून असते. घाटावर आदल्या संध्याकाळी चौकशी करावी. जीवरक्षक जाकीट सर्वांनी घालावे. साडीवर बरे दिसत नाही, हे कारण चालत नाही.

पलीकडच्या तीरावरील अरण्य

श्रीशैलम्‌हून धरणाखालच्या पुलावरून कृष्णा ओलांडली की तेलंगणाचे अमराबाद व्याघ्र प्रकल्पाचे अरण्य सुरू होते. १९८३ साली घोषित झालेल्या नागार्जुनसागर-श्रीशैलम् व्याघ्र प्रकल्पाचाच हा उत्तरेकडील भाग. राज्ये वेगळी झाल्यावर तो स्वतंत्र झाला. क्षेत्रफळ २,६११ चौरस किलोमीटर. रात्री नऊ ते सकाळी सहा फाटके बंद असण्याचे कारण हेच आहे. रात्र ही जनावरांच्या रस्ता ओलांडण्याची वेळ असते. चौकीवर वाद घालणारे यात्रेकरू आम्ही पाहिले आहेत. आम्हीही एकदा घातला होता, त्याची आता लाज वाटते.

पुलापासून वळणांचा घाट चढून दोमलपेंट्याजवळ आले की रस्त्यालगत एक निरीक्षणस्थळ आहे. येथून कृष्णेचे फाटे दऱ्यादऱ्यांत शिरलेले दिसतात, म्हणून त्यास 'ऑक्टोपस पॉइंट' असे विचित्र नाव पडले आहे. नाव विसरावे, दृश्य विसरू नये. याच दोमलपेंट्याजवळ डोंगराच्या पोटातून श्रीशैलम् डावा कालवा योजनेचा बोगदा चालला आहे. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याचे छत कोसळून आठ जण आत अडकले. वरून हा डोंगर अभेद्य वाटतो, पण भेगांतून मुरणारे पाणी फालधारेला देऊळ देते आणि बोगद्यात माणसांचा जीव घेते. तेथून जाताना आमची मंडळी क्षणभर हात जोडतात.

आणखी पुढे वटवर्लापल्ली येथून आत सुमारे आठ किलोमीटरवर मल्लेलतीर्थम् आहे. सुमारे साडेतीनशे पायऱ्या उतरून गेले की घळीच्या टोकाशी धबधबा लागतो. खाली शिवलिंग आहे. या पायऱ्या उतरताना सोप्या आणि चढताना कठीण, म्हणून निम्मी शक्ती परतीसाठी राखावी. ऑक्टोबर ते डिसेंबर हा येथील उत्तम काळ. मार्चनंतर धबधब्याची धार फारच बारीक होते आणि मुले हिरमुसतात. धबधब्याखालच्या डोहात उतरू नये, खडक शेवाळलेले असतात.

फराहबादला वनविभागाच्या वाहनांतून अरण्यदर्शन घडते. निजामाच्या काळातील शिकारीच्या निवासाचे अवशेष तेथे आहेत आणि कड्यावरून खालचे सपाट मैदान दूरवर दिसते. पावसाळ्यात ही फेरी बंद असते. वाघ दिसेल या आशेने जाऊ नये. चितळ, सांबर, मोर आणि भरपूर शांतता मिळते. आमच्या एका कार्यकर्त्यास अस्वलाची पाठ दिसली होती आणि तो ती गोष्ट अद्याप सांगत असतो.

सलेश्वरम्‌चे नाव पुष्कळ जण विचारतात. फराहबादच्या पोटात खोल घळीत, कड्यावरून पडणाऱ्या धारेखाली, गुहेत हे लिंग आहे आणि पूजा चेंचूंच्या हाती आहे. चैत्र पौर्णिमेच्या सुमारास मोजके दिवसच तेथे जाण्याची मुभा असते. वाट निसरडी व अरुंद, गर्दी प्रचंड, ऊन कडक. तरुणांनी गटाने जावे; लहान मुले व वृद्धांना नेऊ नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

त्यापेक्षा जाताना किंवा येताना अच्चमपेटजवळचे उमामहेश्वरम् सर्वांना जमण्यासारखे आहे. श्रीशैलम्‌ची चार द्वारे मानतात : पूर्वेस त्रिपुरांतकम्, दक्षिणेस सिद्धवटम्, पश्चिमेस आलंपूर आणि उत्तरेस उमामहेश्वरम्. म्हणजे हैदराबादहून जाणाऱ्याचे खरे प्रवेशद्वार हेच. पुढे झुकलेल्या प्रचंड कड्याच्या सावलीत देऊळ आहे, आणि त्याच कड्याच्या कडेने पापनाशनम् या पाणवठ्याकडे वाट जाते. भर दुपारीही तेथे गारवा असतो.

बुडालेला संगम

तिसऱ्या दिवशी आल्या वाटेने परत न येता दोर्नाल, आत्मकूर, कर्नूल, आलंपूर असा फेरा घालून हैदराबादला येता येते. दिवस लांबतो, पण फेब्रुवारी-मार्चनंतर धरणाचे पाणी पुरेसे उतरले असेल तर हा कष्ट घ्यावा. कारण वाटेत, मुख्य रस्ता सोडून आत, संगमेश्वरम् आहे. भवनाशी नदी येथे कृष्णेला मिळते. जुने नाव निवृत्तिसंगम. १६७७ मध्ये श्रीशैलम्‌कडे जाताना महाराजांनी निवृत्तिसंगमावर तीर्थस्नान केले, ते हेच स्थान.

धरण भरल्यापासून हे देऊळ जलाशयात आहे. वर्षातील बहुतेक महिने ते पाण्याखाली असते. पातळी फार उतरली की चिखलातून प्रथम शिखर, मग भिंती आणि शेवटी गाभारा वर येतो. मधली कित्येक वर्षे ते दिसलेच नव्हते. २००३ च्या सुमारास प्रथमच पुन्हा प्रकट झाले. आतील लिंग लाकडाचे, कडुनिंबाचे आहे, असे सांगतात आणि पाण्यात राहूनही ते टिकून आहे. पाणी उतरले की पुजारी नावेने येऊन पूजा सुरू करतात व पुन्हा चढू लागले की शेवटची आरती करून निघून जातात.

आलंपूरला या कथेचा दुसरा भाग पाहावयास मिळतो. बदामीच्या चालुक्यांनी सातव्या-आठव्या शतकात उभारलेली नवब्रह्म मंदिरे आणि जोगुळांबेचे शक्तिपीठ तेथे आहेच. शिवाय जलाशयात जाणारे कूडली संगमेश्वराचे देऊळ एकेक दगड सोडवून येथे आणून पुन्हा उभे केले आहे. पापनाशी मंदिरसमूहही असाच हलविला. ज्या धरणाने हैदराबादच्या घरांत वीज आणली (डाव्या तीरावरील भूमिगत केंद्राची क्षमताच ९०० मेगावॅट आहे), त्याने अनेक गावे, शेते आणि देवळे घेतली. दगड उचलून नेता आले. आमच्या मते कूडलीचे देऊळ वाचले हे उत्तम झाले, परंतु नदीपासून दूर उभ्या असलेल्या त्या 'संगमेश्वरा'कडे पाहून मनास चुटपुट लागतेच.

केव्हा जावे आणि काय न्यावे

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा सर्वसाधारण भाविकांसाठी योग्य काळ आहे. मार्गशीर्षातील सकाळी चांगलीच थंडी असते. ऑगस्ट-सप्टेंबरात धरणाचे दरवाजे उघडले तर बारा दरवाज्यांतून कोसळणारे पाणी पाहण्यासारखे असते. परंतु त्या बातमीसरशी सारे हैदराबाद घाटात येते आणि गाड्या तासन्‌तास अडकतात. तेव्हा आठवड्याच्या मधल्या दिवशीच निघावे. एप्रिल-मे मध्ये खडक तापतो व पाताळगंगेच्या पायऱ्यांवर अनवाणी पाय ठेववत नाही. संगमेश्वरम् मात्र त्याच दिवसांत दिसते, हा विरोध आहेच.

अरण्यातील रस्त्यावर गाडी थांबवून माकडांना खाऊ घालू नये. पुण्य लागत नाही. माकडे रस्त्यावर येऊन चाकाखाली सापडतात. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत प्लॅस्टिकला मनाई आहे, म्हणून डबे स्टीलचे व पाणी मोठ्या बाटलीत न्यावे. मध्यंतरीच्या भागात भ्रमणध्वनी लागत नाही आणि पेट्रोल पंप विरळ आहेत; मन्ननूरपूर्वीच टाकी भरून घ्यावी. रक्तदाब, मधुमेह यांची औषधे तीन दिवसांपेक्षा एक दिवसाची जास्त ठेवावी. घाटातील वळणांनी ज्यांना मळमळते त्यांनी पुढच्या आसनाची मागणी निघण्यापूर्वीच करावी, अर्ध्या वाटेत नव्हे.

हैदराबादहून सकाळी सहाला निघाल्यास उमामहेश्वरम् करून दुपारी दोनपर्यंत श्रीशैलम् गाठता येते. दुपारी निघणाऱ्यांनी कोणत्याही परिस्थितीत सायंकाळी सातच्या आत मन्ननूर ओलांडावे. नऊची वेळ फाटकाची आहे, सातची आमची आहे, आणि वाटेत चहाला थांबण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी ती दोन तासांची तफावत आपल्यासाठीच ठेवली आहे असे समजावे.